दोन लिटरचा मानकरी

थंडीतल्या सकाळी त्याची पहिली भेट झाली, तर तुमचा त्याच्याविषयी गैरसमज होईल, म्हणून आधीच सांगून ठेवते. पहिला गिअर तो मुकाट्याने देतो. दुसरा मागितला की दांडी अर्ध्या वाटेत अडते, आतून खर्रकन आवाज येतो आणि तळहाताला स्पष्ट कळतं, की आपल्याला नकार मिळालाय. अशा वेळी जोर लावू नका. पहिल्यातून थेट तिसऱ्यात घाला, दोन-तीन चौक जाऊ द्या. अंगात ऊब आली, की तोच दुसरा गिअर तो इतका अलगद देतो, की सकाळी काही वाद झाला होता हे त्याच्या गावीही नसतं.

हा माझदा एमएक्स-५ या दोन आसनी, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारचा पाच गतींचा गिअरबॉक्स. गाडी १९९० सालच्या मॉडेलची, निळी, माझ्या भावाची. मुक्काम न्यू जर्सी. गाडीचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. तिचे डोळ्यांसारखे उघडझाप करणारे दिवे पाहून शेजारची मुलं हात हलवतात. याच्याकडे मात्र कोणी बघत नाही, कारण तो दिसतच नाही. जुन्या वाड्यात माजघरात बसून सगळ्या घरावर हुकूम चालवणारी एक व्यक्ती असायची, तसा हा दोन आसनांच्या मधल्या बोगद्यात बसलेला असतो. बाहेर दिसते ती फक्त त्याची काठी, म्हणजे गिअरची दांडी.

त्याला घराण्याचा अभिमान आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. १९७९ साली बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतो यांना सुचवलं, की जुन्या ब्रिटिश रोडस्टरसारखी हलकी, साधी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी आज कोणीच बनवत नाही, तुम्ही बनवा. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, ती शिकागोच्या प्रदर्शनात उभी राहिली. अमेरिकेत तिची किंमत होती १३,८०० डॉलर. वजन टनाला थोडं कमीच. हा गिअरबॉक्स मात्र त्या हलक्या गाडीसाठी कोऱ्या कागदावर आखलेला नव्हता. माझदाच्या ल्यूस या मोठ्या, भारदस्त सेदानच्या घराण्यातून तो इकडे आला. मोठ्या घरातून लहान घरात आलेल्या माणसाचा ताठा त्याच्यात आहे, आणि मोठ्या घरातली मजबुतीही.

नावाचीही एक गंमत आहे. माझदा हे नाव कंपनीचे संस्थापक जुजिरो मात्सुदा यांच्या आडनावाशी जुळतं, आणि कंपनी स्वतः ते अहुर मज्द या पारशी दैवताशीही जोडते. हिरोशिमात जन्मलेल्या यंत्राच्या कपाळावर असलेलं हे नाव मुंबईच्या अग्यारीत रोज घेतलं जातं, हे कळल्यापासून मला तो थोडा जास्तच जवळचा वाटतो.

तो बोलतो, आणि थेट बोलतो. बऱ्याच गाड्यांत गिअरची दांडी आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तारा किंवा जोडदांड्यांची मध्यस्थी असते. इथे मध्यस्थ नाही. दांडीचं खालचं टोक सरळ त्याच्या अंगात उतरतं, त्यामुळे आतलं चाक चाकाला भिडलं की ते बोटांना कळतं. मनगटाच्या लहानशा हालचालीत गिअर पडतो आणि पडताना 'टक्' असा जो ठसका जाणवतो, त्यावर या गाडीचे मालक जीव टाकतात. जपानी अभियंत्यांनी गाडीचं ध्येय एका वाक्प्रचारात ठेवलं होतं : जिनबा इत्ताइ, म्हणजे घोडा आणि स्वार एकच. त्या एकरूपतेतला लगाम याच्या हातात आहे, आणि ते त्याला चांगलंच माहीत आहे.

दुसऱ्या गिअरबद्दलची त्याची तक्रार मात्र समजून घ्यायला हवी. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.१३६, दुसऱ्याचं १.८८८. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना चार हजार फेऱ्यांनी फिरणारा आतला दांडा क्षणात चोवीसशेच्या आसपास उतरावा लागतो. हे काम पितळी कड्या करतात. त्यांना सिंक्रो म्हणतात. दात दातांत अडकण्याआधी कडी गिअरच्या शंकूवर घासते, दोघांचा वेग सारखा करते आणि मगच वाट मोकळी करते. घासण्यासाठी मधला तेलाचा थर पुसला जायला हवा. पारा गोठणबिंदूच्या खाली असताना तेल काकवीसारखं घट्ट होतं, थर पुसला जात नाही, कडीला पकड मिळत नाही. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या गिअरमध्ये उडी लहान असते, म्हणून तिथे तो कुरकुरत नाही. आपण ज्याला त्याचा हट्ट म्हणतो, तो खरं म्हणजे त्याचा संधिवात आहे.

आणि संधिवाताला उपाय तेलाचाच. वर्षानुवर्षं आत फिरून तेल मळतं, त्यात धातूची भुकटी मिसळते, त्याचा पातळ-घट्टपणा बिघडतो. जाणकार मालक साधारण तीस हजार मैलांमागे एकदा ते बदलतात. आमच्याकडे हे काम दिवाळीच्या आसपास निघतं, कारण त्यानंतर थंडी पडते आणि गाडीखाली फरशीवर पडून राहणं नको होतं. अभ्यंगाचा मुहूर्त त्यालाही साधतो.

खाण्यापिण्याच्या बाबतीत त्याच्याइतका चोखंदळ मी पाहिलेला नाही. त्याला दोन लिटर लागतं, ७५डब्ल्यू-९० जातीचं. आता यात दोन पंगती आहेत, जीएल-४ आणि जीएल-५. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं जास्त असतात. प्रचंड दाबाखाली घसटणाऱ्या पोलादी दातांवर ती संरक्षक थर धरतात, म्हणून मागच्या डिफरन्शियलला ती मानवतात. पितळेला मात्र ही संयुगं गरम झाल्यावर खाऊ शकतात, शिवाय ज्या कड्यांना घासायचं असतं त्यांना नको तितकी घसरण देतात. माझदाच्या पुस्तकात दोन्ही चालतील असं लिहिलेलं आहे. तरीही मी जीएल-४ च्याच बाजूची आहे. पाहुणा दोन्ही भाज्या खाईन म्हणाला, तरी त्याला कोणती सोसते हे घरच्यांना माहीत असतं.

त्याच्या दारी जायचं तर वाकून जावं लागतं. गाडी इतकी बुटकी, की जमिनीवर असताना तिच्याखाली हातही धड जात नाही. इथे सगळ्या गोष्टी मी फार गंभीरपणे सांगणार आहे, कारण इथे चूक झाली तर ती जिवावर बेतते. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. त्याच्या आतलं तेल एका झिजलेल्या रबरी कडीतून कधी निसटेल ते सांगता येत नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालायचा नाही. गाडी उभी करायची ती घोड्यांवर, म्हणजे जॅकस्टँडवर, तीही चार. पक्क्या, सपाट सिमेंटच्या जमिनीवर. डांबरावर आणि मातीवर घोडीचे पाय रुततात. उचलताना जी चाकं जमिनीवर असतील त्यांना ठोकळे लावायचे. चारही घोड्या लागल्या, की गाडीला बाजूने चांगलं हलवून बघायचं. ती पडणारच असेल, तर आपण बाहेर असताना पडू दे. भाऊ याउपर एक काढलेलं चाक कडेच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवतो. चाकाच्या जाडीएवढी जागा उरली, तर माणूस वाचतो.

उचलण्याची जागाही याच्याच मर्जीने ठरते. याच्या शेपटीपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत अॅल्युमिनियमची एक लांब चौकट जाते. या दोघांना ती घट्ट बांधून ठेवते, म्हणून पायाखालचा पेडल दाबला की मागची चाकं लगेच उत्तर देतात. खालून पाहताना ती जॅक लावायला अगदी सोयीची दिसते, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. ती चौकट गाडीचं वजन पेलण्यासाठी नाही, वाकली तर वाकलीच. पुढे मधल्या आडव्या तुळईखाली, मागे डिफरन्शियलच्या पोटाखाली जॅक लावायचा, आणि घोड्या पुस्तकात दाखवलेल्या मजबूत जागी.

चार घोड्या का, दोन का नाहीत, असं भाची दर वेळी विचारते, कारण त्या आणून लावण्याचं काम तिच्याकडे असतं.

"मामा, नुसतं पुढून उचललं तर नाही का चालणार? प्लग तर पुढेच आहे."

"अगं, त्याला तिरकं बसवून वाढलेलं चालत नाही. सपाट असला तरच त्याचं माप खरं."

मामाचं म्हणणं बरोबर आहे. याच्या पोटात तेल मोजायला काडी नाही. बाजूला अर्ध्या उंचीवर एक प्लग आहे. त्यातून तेल भरायचं, आणि तेल त्याच भोकातून परत ओघळायला लागलं की पोट भरलं. गाडी तिरकी असेल तर तेल एका बाजूला जमतं आणि ढेकर खोटी ठरते.

आता त्याचा सगळ्यात महत्त्वाचा नियम. आधी वरचा, तेल भरायचा प्लग सैल करायचा, मगच खालचा, तेल सोडायचा. ज्यांना हा नियम माहीत नव्हता अशा एका ओळखीच्या गृहस्थांनी उत्साहाने खालचा प्लग उघडला, जुनं तेल परातीत काढलं, आणि मग वरचा प्लग फिरवायला गेले. तीस वर्षं बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांनी तो गंजून बसला होता. पाना घसरला, प्लगचे कोपरे झिजून गोल झाले. गाडी आठवडाभर घोड्यांवर, पोट रिकामं, भरायचं दार बंद. चालवत गॅरेजमध्ये नेता येईना, आणि टो करणाऱ्याला बोलावायचं तर आधी उतरवायला हवी. जो घ्यायला तयार आहे की नाही हे बघितलेलं नाही, त्याचं आहे ते काढून घेऊ नये, एवढंच या गिअरबॉक्सचं म्हणणं होतं. गंज दिसला तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं आणि पाना प्लगवर चपखल बसणारा, सहा कोनांचाच घ्यायचा.

तेल सोडताना तो थोडा तापलेला असावा लागतो. दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणली की तेल पातळ होतं आणि तळाचा गाळही घेऊन उतरतं. पण त्याच्या शेजारूनच धुराची नळी जाते, आणि ती याच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. घाईने खाली शिरलेल्या माणसाच्या दंडावर तिची खूण वर्षभर राहते. नळी हात लावण्याइतकी निवेपर्यंत थांबायचं. तेवढ्या वेळात तेलही कोमट होतं. तेच हवं असतं. हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालायचा, कारण खालून वर पाहताना पहिला थेंब नेमका डोळ्यावर नेम धरतो.

प्लग सुटला की जो वास येतो, त्याने पहिल्या वेळी माणूस दचकतो. गंधकामुळे तो वास थेट पादेलोणाचा, त्यात जुन्या हिंगाच्या डबीची भर. भाची नाक दाबून पळते. मला मात्र तो वास आवडतो. तो आला की कळतं, मंडळी आता मनातलं बोलणार.

आणि तो बोलतोच. खालच्या प्लगच्या टोकाला लोहचुंबक असतं. वर्षांचा सगळा हिशेब त्यावर मांडलेला असतो. करडा, मऊ, काजळासारखा लेप असेल तर प्रकृती उत्तम, वयानुसार झीज. तेलात सोनेरी चमक दिसली, तर पितळी कड्या झिजताहेत, म्हणजे दुसऱ्या गिअरवर आपण जोर केला आहे. आणि बोटाला टोचणारा तुकडा लागला, तर एखादा दात गेला आहे. मग तेल बदलून भागत नाही. भाऊ दर वेळी लेप अंगठ्यावर घेऊन उजेडात धरतो, भाचीला दाखवतो, मगच पुसतो. तोंडाने कबूल न केलेली प्रत्येक चूक तिथे सापडते. मागच्या खेपेला सोनेरी चमक जरा जास्त होती. भाचीने त्याआधीच्या हिवाळ्यात गाडी शिकली होती. मामा एक शब्द बोलला नाही, आणि तिनेही नजर वर केली नाही.

प्लग साफ करून, नवा वायसर घालून लावताना ताकदीचा मोह आवरावा लागतो. त्याचं कवच अॅल्युमिनियमचं आहे. पोलादी प्लग जास्त आवळला, तर आटे कवचाचे जातात, प्लगचे नाही. आधी हाताने आट्यात नीट बसवायचा, मग टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्याइतकाच.

भरण्याचं काम दोघांचं. बाटली खालून वर ओतता येत नाही, म्हणून एक लांब पारदर्शक नळी इंजिनाच्या बाजूने वरून खाली भरायच्या भोकापर्यंत सोडायची. वर भाची नरसाळं धरून, खाली मामा. गाडीखाली कोणी असताना दुसरं माणूस हाकेच्या अंतरावर असावं लागतं. हा नियम असाही पाळला जातो. बाटल्या आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवलेल्या असल्या तर वाट पाहणं कमी होतं. नाहीतर दोन लिटर उतरायला अर्धा तास सहज जातो, आणि त्याला कसलीच घाई नसते.

"मामा, झालं का?"

"अजून नाही. हळू ओत."

"आता?"

"आला, आला! थांब."

भोकाच्या ओठावरून सोनेरी तेलाची बारीक धार ओघळते. ती थेंब-थेंब होईपर्यंत थांबायचं आणि प्लग लावायचा.

एवढ्यावर सगळं आटोपलं असं समजू नका. त्याचं एक चोरघर आहे. दांडी जिथे त्याच्या अंगात शिरते, तिथे वर एक लहानसा बुरूज आहे आणि त्यात वेगळं तेल असतं, शंभर मिलीलिटरच्या आतबाहेर. खालच्या दोन लिटरशी त्याचा काही संबंध नाही. खाली कितीही भरलंत तरी वर एक थेंब चढत नाही. वर्षानुवर्षं मालक खालचं तेल बदलत राहतात आणि बुरूज कोरडा पडतो. मग दांडी वाळूत फिरवल्यासारखी लागते. तिथलं रबरी आवरणही फाटतं आणि बोगद्यातली गरम, तेलकट हवा थेट गाडीत येते. गाडीच्या आतून मधला खण सोडवून, बुरुजाचे तीन बोल्ट काढून, पिचकारीने जुनं ओढून नवं घालायचं. चहा गाळण्याइतकं काम, पण दांडीच्या वागण्यात याने जो फरक पडतो, तो कधी कधी खालच्या दोन लिटरपेक्षा जास्त असतो. मला वाटतं, या गाडीच्या निम्म्या तक्रारी त्या बुरुजात सुकून पडलेल्या असतात.

जुन्या तेलाचंही काहीतरी करायला हवं. ते गटारात, मातीत, कचऱ्याच्या डब्यात कुठेच टाकायचं नाही. एका गॅलनने दहा लाख गॅलन गोडं पाणी बिघडू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. ते रिकाम्या बाटल्यांत भरून, घट्ट झाकण लावून सुट्या भागांच्या दुकानात नेलं, तर बरीच दुकानं ते फुकट घेतात. जमिनीवर सांडलेल्यावर मांजराच्या पेटीतली कोरडी माती टाकायची. ती सगळं पिऊन घेते. चिंध्याही झाकणाच्या लोखंडी डब्यातच टाकायच्या.

अजून काही खोडी आहेत. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून उभा असला, की तो बारीक घरघरतो आणि क्लच दाबला की गप्प होतो. दुपारी लवंडलेल्या माणसाच्या अंगावर कोणी पांघरूण सारखं केल्यासारखं. चौथ्या गिअरमध्ये तो सगळ्यात सुखी असतो, कारण तिथे ताकद आत एकाही जोडीतून न वळता सरळ पार जाते. रिव्हर्समध्ये घालताना मात्र गाडी पूर्ण थांबवून दोन क्षण जाऊ द्यायचे. मागे जाण्याची घाई त्याला मुळीच खपत नाही.

यंदा काम संपायला अंधार पडला. घोड्या एकेक करून काढल्या, गाडी चाकांवर बसली. भावाने दाराच्या खांबावरच्या वहीत तारीख आणि मैल लिहिले, खाली 'लेप करडा, चमक नाही' असं टिपलं. भाचीने ते वाकून वाचलं आणि किल्ल्या मागितल्या.

बाहेर पारा गोठणबिंदूवर आला होता. पहिला गिअर पडला. कोपऱ्यावर तिने दांडी खाली ओढली, अर्ध्या वाटेत क्षणभर थांबली, जोर न करता नुसती धरून राहिली. मग 'टक्' झालं आणि गाडी वळणाआड गेली.